मदतनीस म्हणजे आई नव्हे

(श्रीपूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर येथे महिला मंडळे, बचत गट आणि अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

अपंग मुलांच्या शिक्षणाचे बदलते कायदे आणि त्यासाठी येणारा पैसा, असा आजच्या बैठकीचा विषय ठरला तेव्हा दोन-तीन जणींनी मला विचारले, "ताई, हा विषय आपला कसा? हा तर शिक्षण खात्याचा, नाहीतर अपंगांच्या संघटनांचा." प्रश्न रास्त आहे. हुंडा, मारहाण, दारू, पोटगी, सातबाऱ्यावर बाईचे नाव, हे आपले विषय. त्यांच्याच कामाला आपले हात पुरत नाहीत. मग हा आणखी एक कशाला?

एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी या भागात काम करते आहे. अपंग मूल असलेल्या ज्या ज्या घरात गेले, तिथे मुलाजवळ बसलेली एक बाई दिसली. कधी आई, कधी आजी, कधी सातवी-आठवीतून शाळा सोडून घरी राहिलेली मोठी बहीण. बाप माया करत नाही असे नाही. पण त्याचे काम सुटत नाही, सुटते ते बाईचे. शेतातली मजुरी सुटते, बचत गटाची बैठक सुटते, माहेरच्या लग्नकार्याला जाणे सुटते. आणि मूल असे जन्मले याचा दोषही तिच्याच पदरात पडतो. कित्येक जणींना नवऱ्याने याच कारणावरून टाकले आहे. आपल्याकडे येणाऱ्या परित्यक्तांपैकी किती जणींचे एखादे मूल अपंग आहे, हे आपण आपल्या नोंदवहीत कधी लिहिलेले नाही. ते लिहायला सुरुवात करावी, अशी माझी पहिली विनंती आहे.

देशाच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामात बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ८८ मिनिटे, असे त्यात दिसले. ही सगळ्या घरांची सरासरी झाली. ज्या घरात दहा वर्षांच्या मुलाला उचलून न्यावे लागते, भरवावे लागते, त्याचे कपडे बदलावे लागतात, तिथला हिशोब तुम्हीच करा.

मला आज एवढेच मांडायचे आहे की, या मुलांच्या शिक्षणाचे कायदे गेल्या तीस वर्षांत चांगले होत गेले. पण त्यांच्यासाठी लागणारी माणसे आणि पैसा त्या मानाने आला नाही. जी तूट राहिली ती आईच्या अंगावर टाकली गेली. म्हणून हा विषय आपला आहे.

कायदा काय म्हणतो?

आधी कायदा समजून घेऊ. तो आपल्या बाजूने किती आहे हे माहीत नसल्यामुळे आपण शाळेच्या दारात हात जोडून उभ्या राहतो.

अपंग मुलांना साध्या शाळेत शिकवण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ सालची आहे. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. हक्काचा कायदा १९९५ साली झाला आणि १९९६ पासून लागू झाला. त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते आणि १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली होती. पुढे २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला आणि २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या सगळ्या मुलांसाठी आहे. २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन अपंग मुलांचा समावेश 'वंचित गटा'त झाला. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

त्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सात प्रकारांचे एकवीस झाले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल, हे सगळे त्यात आले. या कायद्याचे कलम ३१ सांगते की, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मग ते जवळच्या साध्या शाळेत असो की विशेष शाळेत, मुलाच्या निवडीप्रमाणे. कलम १६ म्हणते, शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि संडास वापरता येतील असे करायचे, आणि ज्या मुलाला जास्त आधार लागतो त्याच्या आणि त्याच्या मदतनिसाच्याही जाण्या-येण्याची सोय करायची. कलम १७ म्हणते, दर पाच वर्षांनी शाळकरी वयाच्या अपंग मुलांचे सर्वेक्षण करायचे, आणि त्यातले पहिले कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत करायचे. पुस्तके आणि साधने १८ वर्षांपर्यंत फुकट द्यायची, हेही त्यातच आहे.

ऐकायला फार चांगले वाटते. पण तुमच्या गावात २०१९ च्या आधी असे सर्वेक्षण करायला कोणी दारात आले होते का? आले असेल तर त्याची यादी कुठे आहे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांच्या वर अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. देशभरात ५ ते १९ वयाच्या अपंग मुलांपैकी सुमारे २७ टक्के मुले शाळेत कधी गेलेलीच नव्हती. चार मुलांतले एक मूल. त्या चौथ्या मुलाजवळ कोण बसले होते, हे जनगणना विचारत नाही.

पैसा किती, आणि कसा?

आता पैशाकडे येऊ. २०१८-१९ पर्यंत शाळांसाठी तीन वेगळ्या योजना होत्या. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना. नववी ते बारावीच्या अपंग विद्यार्थ्यांसाठी २००९ पासून जी वेगळी योजना होती, ती आधी माध्यमिक अभियानात गेली, आणि मग हे सगळे मिळून 'समग्र शिक्षा' ही एकच योजना झाली. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. बालवाडीपासून बारावीपर्यंत एकच धागा राहील, असे त्याचे कारण सांगितले गेले. कारण वाईट नाही. पण घरात सगळे धान्य एका कणगीत ओतले की कोणाच्या वाट्याचे किती हे कळेनासे होते, तसे झाले. इमारत, संगणक, गणवेश, प्रशिक्षण आणि अपंग मुले, सगळे एका आराखड्यात. त्यात कमी आवाजाचे मूल मागे राहते.

समग्र शिक्षेच्या आराखड्यात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरली आहे. दिवसाला दहा रुपयेही पडत नाहीत. त्यात साधने, शिकवण्याचे साहित्य, तपासणी शिबिर, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, सगळे बसवायचे. मुलींसाठी वेगळा प्रोत्साहन भत्ता आहे, महिन्याला २०० रुपये, वर्षातले दहा महिने. मुलगी म्हणून वेगळे धरले ही चांगली गोष्ट आहे. पण २०० रुपयांत एका आठवड्याचे रिक्षाभाडेही निघत नाही.

दुसरी काळजी मुदतीची. समग्र शिक्षा मार्च २०२६ पर्यंतच्या पाच वर्षांसाठी मंजूर झाली होती. मुलाचा हक्क १८ वर्षांपर्यंतचा आणि तो चालवायला दिलेला पैसा पाच-पाच वर्षांच्या तुकड्यांचा. प्रत्येक तुकडा संपत आला की कंत्राटी शिक्षकाला पुढची ऑर्डर कधी येईल हे ठाऊक नसते आणि साधनांची खरेदी लांबते. त्यात सरकारा-सरकारांचा वाद झाला तर आणखी वाईट. २०२४-२५ मध्ये केंद्र आणि तामिळनाडू यांच्यात पीएम श्री शाळांच्या करारावरून वाद झाला आणि तामिळनाडूचा समग्र शिक्षेतला केंद्राचा वाटा अडकून पडला. आपल्याकडे तसे झाले नाही. पण पैशाची नळी कुठे बंद करता येते हे त्यातून दिसले.

हे केवळ आपल्याच देशात होते असेही नाही. अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. प्रत्येक मुलाचा वेगळा लेखी आराखडा करायचा आणि तो करताना आईवडिलांना बैठकीत बसवायचे, ही त्यातली मोठी गोष्ट. पण या मुलांसाठी जो जादा खर्च येईल त्यातला ४० टक्के भार उचलण्याचे जे आश्वासन तिथल्या केंद्र सरकारने दिले, ते पन्नास वर्षांत एकदाही पुरे पाळलेले नाही. श्रीमंत देशातही कायदा करणे सोपे आणि थैली सैल करणे अवघड.

शिक्षक कुठे आहे?

पैशाचा सगळ्यात मोठा अर्थ म्हणजे शिक्षक. ब्रेल, खुणांची भाषा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला टप्प्याटप्प्याने कसे शिकवायचे, हे शिकलेला विशेष शिक्षक. आपल्या राज्यात अशा शिक्षकांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर काम केले. आज एका शाळेत, उद्या दुसऱ्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे खटल्यात निकाल दिला. साध्या शाळांतून प्राथमिक वर्गात दहा अपंग मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, आणि ही पदे कायमची हवीत, असे त्यात सांगितले. २०२२ साली केंद्राने शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तशी दुरुस्ती केली. तरीही बऱ्याच राज्यांनी पदे भरली नाहीत, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला.

महाराष्ट्राने २०२४ साली केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करायचे ठरवले आणि कंत्राटी शिक्षकांना त्यात सामावून घ्यायचे ठरले. हे आंदोलनांचे आणि न्यायालयाचे यश आहे, त्याचे स्वागत करू. पण हिशोब मांडून बघा. केंद्र म्हणजे दहा-पंधरा शाळांचा गट. एका केंद्राला एक शिक्षक. तो सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या. तुमच्या शाळेत त्याची पाळी पंधरवड्यातून एकदा आली तर नशीब. शिवाय एकच माणूस ब्रेल, खुणांची भाषा आणि स्वमग्न मुलाचे शिक्षण हे सगळे जाणणारा कुठून आणायचा? उरलेल्या दिवशी वर्गात मूल कोणाजवळ बसते? वर्गशिक्षिका एकटीच दोन इयत्ता सांभाळत असते. मग ती आईला सांगते, "बाई, तुम्हीच येऊन बसा ना वर्गात." आई बसते. एक वर्ष बसते, दोन वर्षे बसते. एका आईने मला सांगितले, "ताई, लेकरू पहिलीतनं दुसरीत गेलं, पण खुरपणीचा रोज गेला माझा. घरात म्हणत्यात, शाळा त्याची का तुझी?"

मदतनिसाची तरतूद कायद्यात आहे आणि मदतनीस भत्ता योजनेत आहे. पण मदतनीस या शब्दाचा अर्थ सगळ्यांनी मिळून 'आई' असा करून टाकला आहे.

घरी शिक्षण, म्हणजे कोणाच्या घरी?

२०१२ च्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली. तीव्र किंवा एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय निवडता येईल. ज्याला अंथरुणावरून उठताच येत नाही त्याच्यासाठी हे गरजेचे आहे, यात शंका नाही. पण कायद्यातला शब्द नीट वाचा. निवड मुलाची आणि त्याच्या घरच्यांची आहे. मुख्याध्यापकांनी "याला घरीच शिकवा, आम्ही नाव पटावर ठेवतो" असे सांगणे म्हणजे निवड नव्हे. मी अशी घरे पाहिली आहेत जिथे मुलाचे नाव हजेरीपटावर आहे आणि महिन्यातून एकदा शिक्षक तासभर येऊन जातात. बाकीचे सगळे दिवस आईचे. सरकारच्या दृष्टीने मूल शिकते आहे. आईच्या दृष्टीने तिच्या घराचेच एक वर्ग झाला आहे आणि तिला उंबरा ओलांडता येत नाही.

विशेष शाळांबद्दलही असेच. काही शहाणी माणसे म्हणतात, विशेष शाळा बंद करा, सगळी मुले साध्या शाळेत घाला. ठाम समतेचे वाटते ते. पण बहिऱ्या मुलाला खुणांच्या भाषेत बोलणारी दुसरी मुले हवी असतात; ती विशेष शाळेत मिळतात. साध्या शाळेत त्याच्याशी कोणी बोलूच शकत नसेल तर तो गर्दीत एकटा. उलट, पायाने अधू असलेल्या हुशार मुलीला दूरच्या वसतिगृहात धाडायचे काहीच कारण नाही. तिला फक्त उतार आणि संडास हवा आहे. म्हणून दोन्ही हव्यात आणि दोन्हीकडे माणसे हवीत. नाहीतर निवड हा शब्द कागदावरच राहील.

नियम गुपचूप बदलतात

कायदा बदलायला संसद लागते, पण नियम आणि परिपत्रके कचेरीत बदलतात आणि आपल्याला उशिरा कळतात. तीन उदाहरणे देते.

पहिले प्रमाणपत्राचे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र अर्ज केल्यापासून एका महिन्यात द्यावे असा नियम होता. २०२४ च्या ऑक्टोबरात नियम बदलून ती मुदत तीन महिने केली. आपल्या बायकांना तपासणीसाठी सोलापूरला जायचे तर अख्खा दिवस जातो. मूल कडेवर, एसटी बदलत. तारीख चुकली की पुन्हा तेच. आणि ध्यानात घ्या, प्रमाणपत्र नाही म्हणून शाळेने दार लावावे असे कायद्यात कुठेही नाही. प्रवेश आधी, प्रमाणपत्र मागाहून.

दुसरे समूह शाळांचे. २०२३ च्या सप्टेंबरात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव राज्याच्या शिक्षण खात्याने मागवले. वाडीवस्तीवरची शाळा दोन-तीन किलोमीटर लांब गेली तर धडधाकट मूल सायकलवर जाईल. कुबडीवरचे मूल घरी बसेल. आणि मुलगी असेल तर आधी बसेल.

तिसरे उदाहरण आशेचे आहे. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागा वंचित गटातल्या मुलांच्या, म्हणजे अपंग मुलांच्याही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला की, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला या जागा द्यायची सक्ती नाही. लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. लक्ष ठेवले तर नियम परत फिरवता येतो.

उसाच्या फडातली आई

आपण श्रीपुरात बसलो आहोत, म्हणून एक गोष्ट इथली. हे गाव कारखान्यामुळे वाढले. गाळपाचा हंगाम सुरू झाला की बीड, नगर, उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, या जिल्ह्यांतून टोळ्या येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली, त्यामुळे बाईला सुट्टी नाही. त्यांच्या मुलांसाठी गावाकडे हंगामी वसतिगृहे आहेत. पण जे मूल स्वतः जेवू शकत नाही, संडासला जाऊ शकत नाही, त्याला तिथे कोण ठेवून घेणार? मग ते कोपीत येते. आई पहाटे फडात गेली की त्याला आठ वर्षांची बहीण सांभाळते. एका अपंग मुलामागे दोन मुलांची शाळा बुडते आणि दुसरी नेहमी मुलीची असते.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलच्या एका प्राध्यापिकेच्या खटल्यात म्हटले की, अपंग मूल असलेल्या नोकरदार आईला बालसंगोपन रजा नाकारू नये. फार चांगला निकाल. पण कोयता हातात असलेल्या आईला रजा कोण देणार? मुकादम?

मुलींबद्दल थोडे

आपल्यापैकी वयाने मोठ्या मैत्रिणींना १९९४ आठवत असेल. शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासकीय संस्थेतल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही, असे कारण दिले होते. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आज २०१६ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये लिहिले आहे की, अपंग व्यक्तीच्या समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करता येणार नाही.

पण त्या वेळी विचारलेला प्रश्न शिक्षणाचाच होता. पाळीची स्वच्छता शिकवता येते. चित्रे दाखवून, रोज तेच तेच करून, धीर धरून. त्यासाठी शिकवणारी माणसे लागतात. माणसे नेमण्यापेक्षा अवयव काढणे स्वस्त, असा तो हिशोब होता. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, तेव्हा आपण तोच हिशोब पुन्हा पाहिला. आजही पाळी सुरू झाली की अपंग मुलीची शाळा थांबते. आई म्हणते, "तिला बोलता येत न्हाई, कुणी काही केलं तर सांगणार कशी?" ही भीती खोटी नाही. तिच्यावर उपाय मुलीला कोंडणे नव्हे. तिला नाही म्हणायला, खूण करून सांगायला शिकवणे हा उपाय आहे, आणि शाळेत बाई मदतनीस असणे हा.

मोबदला द्यावा का?

आपल्या कार्यकर्त्यांत यावर दोन मते आहेत. काही जणी म्हणतात, आईच मदतनिसाचे काम करते तर तिलाच त्याची मजुरी द्या. दुसऱ्या म्हणतात, तसे केले तर सांभाळणे हे बाईचेच काम यावर सरकारी शिक्का बसेल आणि ती कायमची अडकेल. मला दोन्हींत तथ्य वाटते. माझे म्हणणे असे की, मुख्य मागणी नेमलेल्या, शिकवून तयार केलेल्या, पगारी मदतनिसाचीच असावी. गावातल्या गरजू बायकांना तो रोजगारही होईल. पण मदतनीस नेमला जात नाही तोपर्यंत जी आई वर्गात बसते तिला त्या दिवसाची किमान मजुरी मिळालीच पाहिजे. फुकट मिळते तोवर सरकार नेमणूक करणार नाही.

आपण काय करायचे?

एक. आपल्या गावातली, वाडीतली, कोपीवरची शाळेबाहेरची अपंग मुले मोजा. मुलाचे नाव, वय, अडचण, आणि सांभाळणारी बाई कोण व तिचे कोणते काम सुटले, हेही लिहा. अंगणवाडी ताईंचा यात मोठा वाटा आहे. ६ वर्षांआधीच्या मुलाचे शिक्षण हक्काच्या कायद्यात नाही, म्हणून ते तुमच्याच हातात आहे.

दोन. शाळा व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, आणि वंचित गटाच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. अपंग मुले वंचित गटात आहेत. म्हणजे त्यांच्या आयांची जागा त्या समितीत हक्काची आहे.

तीन. ग्रामपंचायत असो की आपली महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असे राज्य सरकारचे २०१८ चे आदेश आहेत. ग्रामपंचायतीत महिला व बालकल्याणाचे १० टक्के वेगळे. ग्रामसभेत दोन्हींचा हिशोब मागा. नाही दिला तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

चार. प्रवेश नाकारला तर तो लेखी मागा. केंद्राच्या २०१७ च्या नियमांत, अपंग मुलांच्या प्रवेशासाठी जिल्हा शिक्षण कार्यालयात एक अधिकारी नेमायचा असे आहे. त्याचे नाव आणि फोन शाळेच्या फळ्यावर लागले पाहिजेत. तिथे दाद मिळाली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पाच. हंगामात कोपीवर जा. तिथल्या मुलांना चार-पाच महिने जवळच्या शाळेत बसवणे, वाहन आणि मदतनीस देणे, यासाठी शिक्षण खाते आणि कारखाना दोघांकडे एकत्र मागणी करू.

मैत्रिणींनो, पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा लोक विचारत, मुलींनी शिकून करायचे काय? आज अपंग मुलाबद्दल, आणि त्यातही अपंग मुलीबद्दल, तोच प्रश्न विचारला जातो. आपल्या आज्या-पणज्यांच्या वतीने ज्यांनी त्याचे उत्तर दिले, त्यांचे आपण नाव घेतो. मग या मुलींच्या वतीने ते उत्तर द्यायची पाळी आपली आहे. आणि ते देताना तिची आई बैठकीत आपल्याजवळ बसलेली असली पाहिजे. त्यासाठी पुढच्या बैठकीच्या दिवशी तिचे मूल दोन तास कोण सांभाळणार, एवढे ठरवून आज आपण उठू या.